ज्वारी कोणत्या विभागात बसते? अन्नव्यवस्थेचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू बार्शी तालुक्यातला, यंदा बी.एस्सी. कृषी झालास. चौथ्या वर्षी कृषिदूत म्हणून, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून, गावात राहिलास, तेव्हा तुझ्या लक्षात आलं की शेतात पिकतं एक, रेशनवर मिळतं दुसरं आणि शाळेत पोरांच्या ताटात पडतं तिसरंच. हे सगळं एकत्र बघायला शिकवणारा विषय तुझ्या अभ्यासक्रमात कुठे नव्हता. कुणीतरी सांगितलं, याला ‘अन्नव्यवस्था’ म्हणतात आणि त्यात पुढचं शिक्षण घेता येतं. घरून वडील म्हणतायत, एमपीएससीला बस. तू तीन गोष्टी विचारल्या आहेस: हा विषय नक्की काय, तो ‘सगळ्यातलं थोडंथोडं’ असा पातळ तर नाही ना, आणि त्यावर पोट भरेल का.

मी मूळची कृषिविद्या विभागातली. पेरणी, खत, पाणी, अंतर, उत्पादन यांत माझी पहिली वर्षं गेली. नंतरची बरीच वर्षं कृषी, पोषण, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र अशा चार विभागांतली मुलं एका गाडीत बसवून एकाच गावात नेण्यात गेली. म्हणून तुला व्याख्या सांगण्याऐवजी तुझ्याच जिल्ह्यातलं पीक समोर ठेवते. ज्वारी.

तुला हे माहीत असेलच, तरी उजळणी करू. सोलापूरकडची रब्बी ज्वारी म्हणजे मालदांडी. तिचा एम 35-1 हा निवडक वाण 1930च्या दशकात तुमच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रातून आला आणि इतक्या वर्षांनंतरही तो शेतात आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. खरिपात मात्र वेगळंच घडलं. 1964 साली सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. उत्पादन वाढलं, पण तो लवकर पक्व व्हायचा आणि दाणा भरायच्या वेळी परतीचा पाऊस गाठायचा. कणसावर बुरशी, दाणा काळा. पोटाला आधार झाला, पण भाकरी कुणाला आवडली नाही. पुढे सोयाबीन आलं आणि खरिपाची ज्वारी हटली. 1980च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरच्या वर क्षेत्र होतं. आज ते वीस लाखांच्याही खाली आहे.

आता विचार, हे का झालं? नवे वाण तयार करणारा पैदासकार म्हणेल, एकरी उत्पादन कमी पडतं. अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणेल, सोयाबीन आणि हरभऱ्याच्या तुलनेत परतावा नाही. आहारतज्ज्ञ म्हणेल, लोक चपातीकडे वळले. धोरणवाला म्हणेल, 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, ते बहुतेक गहू-तांदूळ असतं, आणि जानेवारी 2023 पासून तर ते फुकट आहे. मग ज्वारी कोण विकत घेणार? ही चारही उत्तरं खरी आहेत. आम्हीही ती चारही उत्तरं प्रश्नावलीत आधीच छापून एकदा मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो.

घरचा माणूस ओट्यावर बसून सांगत होता, “भावच परवडत नाही, मॅडम.” आमच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘भाव’ या चौकटीत बरोबरची खूण केली. आतून काठवटीवर भाकरी थापल्याचा आवाज येत होता. माझ्याबरोबर पोषणशास्त्राची एक मुलगी होती, ती उठून आत गेली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. त्या बाईंनी पिठाने माखलेले हात पुढे केले होते. तळव्यावर आडव्या जुन्या चिरा, आणि त्यातली एक अजून ओली. रब्बीची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात, हे तुला माहीत आहे. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात काळ्या रानातून ज्वारीचं ताट, म्हणजे अख्खं धाट, ओढून काढायचं. मग कणसं खुडायची, पेंढ्या बांधायच्या, कडब्याची गंज लावायची. “आधी सावडीनं, एकमेकांच्या रानात राबून व्हायचं,” त्या म्हणाल्या. “आता ज्याच्या-त्याच्या घरी दोनच माणसं. उक्तं द्यावं तर उपटायला कुणी येत नाही. मीच म्हणलं ह्यास्नी, बास आता.”

ज्वारी बंद करायचा निर्णय त्या घरात त्यांनी घेतला होता, आणि तो तळहातामुळे घेतला होता. आमच्या प्रश्नावलीत त्याला चौकट नव्हती. मी स्वतः ज्वारीवर प्रयोग केलेली. कडब्याचं हेक्टरी वजन मी दशांशात लिहिलेलं होतं. पण ते ताट उपटायला किती जोर लागतो आणि तो कुणाच्या अंगातून येतो, हे माझ्या प्रबंधात एका ओळीतही नव्हतं. म्हणून सांगते, भावाचं कारण खोटं नव्हतं. भाव दुप्पट असता तर कदाचित उपटायला माणसं मिळाली असती. पण भाव, मजुरी, घरातली माणसं, बैल गेल्यामुळे कडब्याची कमी झालेली गरज आणि ताटाची उंची या गोष्टी एकमेकींत कशा अडकल्या आहेत हे कळल्याशिवाय ‘हमीभाव वाढवा’ हा सल्ला अर्धाच राहतो. 2024-25च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3371 रुपये होता आणि मालदांडीचा 3421. फरक पन्नास रुपयांचा. बाजार समितीत मात्र चांगल्या पांढऱ्या, टपोऱ्या मालदांडीला गिऱ्हाईक यापेक्षा पुष्कळ जास्त मोजतं, कारण तिची भाकरी मऊ राहते आणि पिठाला विरी, म्हणजे भाकरी न तुटता थापता येईल असा चिकटपणा, असते. स्वयंपाकघरातली ही चव सरकारी भावात जवळपास दिसतच नाही. ती का दिसत नाही, हा एक पूर्ण प्रबंधाचा विषय आहे. तुला हवा असला तर घे.

तर अन्नव्यवस्था शिकणं म्हणजे हे. एका दाण्याच्या मागे बियाण्यापासून ताटापर्यंत आणि ताटापासून शरीरापर्यंत जायचं, आणि आपला विषय जिथे उत्तर द्यायचा थांबतो तिथे न थांबता पुढच्या विषयाचं दार वाजवायचं.

हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ आहे असं तुझे सर म्हणाले, असं तू लिहिलंस. त्यांना दोन गोष्टी सांग. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान हे शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पुण्याजवळचं एक गाव घेतलं, पिंपळे सौदागर. तिथली माती, विहिरी, पिकं तर त्यांनी तपासलीच, पण जमिनीचे तुकडे, कर्ज आणि घरटी जमाखर्चही मांडला. तो अभ्यास 1917 साली प्रसिद्ध झाला. 1771 मध्ये सरासरी चाळीस एकर असलेली जमीनधारणा 1915च्या सुमारास सात एकरांवर आली होती, हे आपल्याला त्यांच्यामुळे कळतं. आज त्या गावात आयटीवाल्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत. मातीचा माणूस सावकाराच्या वहीपर्यंत गेला, कारण एवढ्या जमिनीवर घर चालतं का, याचं उत्तर त्याला मातीत मिळत नव्हतं.

दुसरी गोष्ट पेलाग्राची, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. आजची राष्ट्रीय पोषण संस्था 1958 साली कुन्नूरहून हैदराबादला आली. त्या भागातल्या गरीब, मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांमध्ये पेलाग्राचे रुग्ण दिसत होते. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, डोकं ठिकाणावर राहत नाही. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा हा आजार. जगभर तो मक्यावर जगणाऱ्यांचा म्हणून माहीत होता. शरीर ज्यापासून नायसिन बनवतं ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मक्यात कमी असतं, त्यामुळे ते पुरेसं बनत नाही, एवढं ठाऊक होतं. पण ज्वारीत ट्रिप्टोफॅन तितकं कमी नाही, मग इथे का? डॉ. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 साली मांडलं की ज्वारीतलं ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्यामुळे हा तोल बिघडत असावा. या मतावर पुढे वादही झाले. पण बघ, दवाखान्यातला प्रश्न दाण्याच्या रसायनात गेला, आणि तिथून ज्वारीच्या वाणावाणांत ल्युसिन किती, या पीकशास्त्रातल्या प्रश्नापर्यंत आला. त्या रुग्णाच्या ताटात डाळ, दूध, भाजी का नव्हती, हा प्रश्न तर मजुरीचा आणि जमिनीचा. यावरून ज्वारी वाईट, असा अर्थ काढू नकोस. नुसती ज्वारी आणि सोबत काहीच नाही, हे वाईट.

आता तुझा दुसरा प्रश्न, पातळपणाचा. ही भीती खरी आहे आणि मी ती झाकणार नाही. ‘आंतरविद्याशाखीय’ नावाचे काही अभ्यासक्रम म्हणजे आठ विभागांची आठ व्याख्यानं शिवून केलेली गोधडी असते. सोमवारी माती, मंगळवारी बाजार, बुधवारी जीवनसत्त्वं. मुलं प्रत्येक विषयाचे शब्द शिकतात, पण एकाही विषयाचं मोजमाप स्वतः करू शकत नाहीत. अशा ठिकाणी जाऊ नकोस. प्रवेश घेण्याआधी एकच चौकशी कर: मागच्या दोन-तीन वर्षांतले प्रबंध दाखवा. प्रबंधात विद्यार्थ्याने स्वतः जमवलेली माहिती आहे का, आणि त्याला दोन वेगळ्या विषयांचे मार्गदर्शक होते का, एवढं बघ. माहितीपुस्तिकेतले फोटो बघू नकोस.

तुझ्याकडे कृषीची चार वर्षं आहेत, ती टाकून देऊ नकोस. एका विषयात तुझी मुळी खोल असली पाहिजे, म्हणजे दुसऱ्या विषयातला माणूस तुझ्याशी बोलताना तुला काहीतरी विचारेल. माझ्या अनुभवात चांगली मुलं तीच, ज्यांना एक काम पक्कं येतं आणि दुसऱ्याचं काम हाताने करून बघायची लाज वाटत नाही. तू पीक ओळखतोस, ओल ओळखतोस. आता आहार मोजायला शीक आणि जमाखर्च लिहायला शीक. सांख्यिकी कंटाळवाणी वाटली तरी सोडू नकोस. या सगळ्या विषयांना एकमेकांशी बोलायला तीच एक सामाईक भाषा आहे.

आहार मोजणं म्हणजे काय, ते एका प्रसंगातून सांगते. पोषणशास्त्रात चोवीस तासांच्या आठवणीची पद्धत असते: काल सकाळपासून काय-काय खाल्लं, किती खाल्लं, हे विचारून लिहायचं. एका घरात सासऱ्यांनी दोन भाकरी सांगितल्या, सुनेनेही दोनच सांगितल्या. वहीत दोघांसमोर दोन. आमच्यातल्या एका विद्यार्थिनीला शंका आली. तिने परवानगी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या उतरतील तशा काट्यावर ठेवल्या. पहिल्या भाकऱ्या मोठ्या, पुरुष आणि पोरांच्या. शेवटची भाकरी परातीत उरेल तेवढ्या पिठाची, पहिलीच्या जेमतेम निम्म्या वजनाची. ती सुनेची. वहीतल्या ‘दोन’ या आकड्याने दोघांना सारखं जेवू घातलं होतं. अर्थशास्त्राच्या मुलांनी त्याच घराला ‘दरडोई धान्य पुरेसं’ असा शेरा दिला होता, आणि कुटुंबाच्या बेरजेवर तो बरोबरच होता. त्या संध्याकाळी दोन्ही गटांचं भांडण झालं, चांगलं तासभर. माझ्या शिकवण्यातला तो सगळ्यात उपयोगी तास होता. कुणाचाही आकडा चुकीचा नव्हता. आकडा कुठे थांबून घेतला, ओट्यावर, चुलीपाशी की परातीच्या तळाशी, यावर सगळं अवलंबून होतं.

तू शाळेच्या ताटाबद्दल लिहिलंस, त्याचं उत्तरही असंच गुंतलेलं आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम धान्य आणि वीस ग्रॅम डाळ असा निकष आहे. धान्य म्हणजे मुख्यतः अन्न महामंडळाकडून येणारा तांदूळ. म्हणून ज्वारीच्या गावातली पोरं दुपारी खिचडी खातात. ज्वारी द्या म्हणणं सोपं आहे. पण शंभर-दीडशे पोरांच्या भाकऱ्या दोन स्वयंपाकीण बायांनी सकाळी थापायच्या? ज्वारीचं पीठ महिनाभर ठेवलं तर विरी जाते, मग ते कुठे आणि कितीदा दळायचं? मी स्वतः ज्वारी शाळेत यावी या मताची आहे, पण हा मार्ग शोधायला अन्नतंत्रज्ञ लागेल, त्या बायांचं मानधन समजणारा माणूस लागेल आणि सरकारी खरेदीचे नियम वाचलेला माणूस लागेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण 2018 साली आणला. माझ्या दृष्टीने खरी कहाणी तिथून पुढे सुरू होते. दाण्यातलं लोह रक्तात किती जातं, त्या पिठाची भाकरी थापता येते का, व्यापारी त्याला वेगळा भाव देतो का, दुसऱ्या वर्षी शेतकरी तेच बियाणं मागतो का.

आता अडचणी. आपल्याकडे कृषी विद्यापीठं भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या चौकटीत चालतात आणि बाकीची विद्यापीठं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या. मधली भिंत चांगली जाड आहे. 2020च्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांक (क्रेडिट) इकडून तिकडे नेण्याची वाट कागदावर मोकळी केली, पण मार्गदर्शक, परीक्षक आणि नोकरीच्या जाहिरातीतल्या ‘संबंधित विषयातील पदवी’ या अटी अजून जुन्याच आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध दोन परीक्षकांकडे गेला. एकाने लिहिलं, यात प्रयोगाची मांडणी आणि पुनरावृत्ती नाही. दुसऱ्याने लिहिलं, यात सिद्धांताची चर्चा नाही. तिची आठ महिने फरफट झाली. मला आजही त्याचा राग येतो, कारण काम उत्तम होतं. त्यातून एक शिकले: प्रबंधाचं पहिलं प्रकरण परीक्षकासाठी लिहायचं, कोणती पद्धत कोणत्या विषयातून घेतली आणि का घेतली, हे शाळेतल्या पोराला समजावं इतकं उघड.

कुठे जायचं? राज्यात राहायचं तर परभणीला कृषी, अन्नतंत्रज्ञान आणि सामुदायिक विज्ञान ही तिन्ही महाविद्यालयं एकाच विद्यापीठात आहेत. पदवी एका विभागाची घेऊन सहमार्गदर्शक दुसऱ्या विभागाचा घेण्याचा आग्रह धर. राहुरीला कृषी अर्थशास्त्र चांगलं आहे. मुंबईत आयआयटीचं सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र 1985 पासून आहे, तिथे गावात राहून काम करायची शिस्त आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजशास्त्राची बाजू पक्की होईल. बाहेर जायचं असेल तर नेदरलँड्सचं वाखेनिंगन हे शेती आणि अन्न याच विषयाला वाहिलेलं विद्यापीठ आहे. प्रवेशाच्या अटी बदलत राहतात, त्या त्या-त्या संस्थेकडूनच नीट वाचून घे. परदेशात गेलास तरी प्रबंधाचं क्षेत्रकाम सोलापुरातच कर. तिकडे सिद्धांत शिकशील, पण तुझ्याइतकी सोलापूरची भाषा तिकडे कुणाला येणार?

पोटाचं. ‘अन्नव्यवस्था तज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात तुला क्वचितच दिसेल, आणि वडिलांना तशी खोटी आशा दाखवू नकोस. माझी मुलं शेतकरी उत्पादक कंपन्यांत आहेत, उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात आहेत, पोषणावर काम करणाऱ्या संस्थांत आहेत. दोघींनी भरडधान्याचा स्वतःचा व्यवसाय काढला, काहीजण संशोधनात गेले. पहिली दोन-तीन वर्षं पगार बेताचा असतो. तुझी कृषी पदवी तशीच राहते, त्यामुळे राज्यसेवेचा आणि कृषी सेवेचा रस्ता बंद होत नाही. वडिलांशी बोलताना हेच सांग आणि किती वर्षं प्रयत्न करणार, तो आकडाही सांग. त्यांनी तुझं शिक्षण शेतीच्या उत्पन्नातून केलं असेल, तर त्यांचा प्रश्नही याच विषयातला आहे हे लक्षात ठेव.

प्रवेशाला अजून काही महिने आहेत. तोवर एक काम कर. तुझ्या घरी आणि शेजारच्या चार घरी मिळून पाच घरं घे. प्रत्येक घरात या वर्षी ज्वारी पेरली का, नसेल तर शेवटची कधी पेरली आणि बंद करायचं आधी कोण म्हणालं, हे विचार. घरात आज जी ज्वारी आहे ती कुठून आली, शेतातून, बाजारातून, रेशनवरून की माहेरून, ते लिही. कडबा कुणाकडे गेला आणि शेकडा पेंढ्यांना काय दर मिळाला, तेही लिही. हे प्रश्न पुरुषांना वेगळे विचार आणि बायकांना वेगळे, एकमेकांसमोर नको. ग्रॅम दाखवणारा साधा स्वयंपाकघरातला काटा घे. भाकरी मोजायची तर आधी विचार, आणि ज्या बाई ‘नको’ म्हणतील त्यांच्या घरी काटा पिशवीतून बाहेर काढू नकोस. वही भरली की मला पाठव, आपण ती बरोबर बसून वाचू.